तिसऱ्या फेरीत आत वळलास, त्याबद्दल

प्रिय मुला,

गुरुवारी रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी जागाच होतो, पण झोपेतून उठल्यासारखं बोललो. नीट बोलायला लागलो असतो तर ओरडलो असतो. "काका, मी बाइक विकून टाकतो," असं तू तीन वेळा म्हणालास आणि मी तिन्ही वेळा "उद्या बघू" म्हणालो. आज रविवार. तीन दिवस राग गाळत बसलो होतो. सगळा गाळला गेलेला नाही, ते वाचताना तुला कळेलच.

परवाच्या स्पीडवेचा, म्हणजे इंग्लंडातल्या या मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या बाइक शर्यतींचा, प्रोग्राम माझ्यासमोर आहे. तुला माहीत आहे, मी प्रत्येक हीट, म्हणजे सामन्यातली एकेक शर्यत, संपली की त्यात पेनाने गुण भरतो. पंधराच्या पंधरा हीटचे रकाने भरलेत. मागच्या कोऱ्या पानावर मी हाताने चार रेघा मारून तुझी सेकंड हाफची, म्हणजे मुख्य सामन्यानंतरची, शर्यत लिहिली. लाल हेल्मेट, 3. पांढरं, 2. निळं, पडला. पिवळं म्हणजे तू. तुझ्यापुढे 'आर' लिहिलंय. रिटायर्ड, शर्यत अर्धी सोडलेला.

त्या 'आर'पायी हे पत्र.

तू गेटवर, सुरुवातीच्या रेषेवर, चौथ्या जागेवर होतास. समोरची टेप उडाली, तुझा क्लच उशिरा सुटला, पहिल्या वळणावर तू शेवटचा. यात काही विशेष नाही, तुझं गेट अजून कच्चं आहे, ते सुधारेल. दुसऱ्या फेरीत तू निळ्यापासून वीस-पंचवीस मीटर मागे होतास. तिसरी फेरी सुरू झाली आणि मला इंजिनाचा आवाज पडलेला ऐकू आला. आधी वाटलं, चेन गेली. पण चेन गेली नव्हती. तू थ्रॉटल सोडलास, बाइक सरळ केलीस आणि आतल्या गवतावर जाऊन थांबलास. हेल्मेटची काच वर करून बाकीच्यांची शर्यत बघत उभा राहिलास, आमच्यासारखा, तिकीट काढल्यासारखा. आणि चौथ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर निळ्याचं मागचं चाक निसटलं, तो आडवा झाला, उठला, बाइक ओढत बाजूला झाला. लाल आणि पांढरा रेषा ओलांडून गेले. तिसरा नंबर रिकामा राहिला. रेषेवर कुणीच आलं नाही. माझ्या शेजारी एक म्हातारी बसते, तुझ्या माझ्या जन्माआधीपासून येत असल्यासारखी, ती घोंगडीतून तोंड बाहेर काढून म्हणाली, हा पिवळा पोरगा कुठे गेला?

मी तिला सांगितलं नाही की तो आमच्यातला आहे.

फोनवर तू म्हणालास, "काका, तसंही तिसरं येणं जमणारच नव्हतं." अरे, जमणं न जमणं तुझ्या हातात नव्हतं, चौथी फेरी पूर्ण करणं तुझ्या हातात होतं. आणि "सेकंड हाफच्या गुणांना विचारतो कोण" हेही तू म्हणालास. खरं आहे, कुणी विचारत नाही. ते गुण कुठे जमा होत नाहीत. पण पिटच्या फाटकाशी टीम मॅनेजर हात खिशात घालून उभा असतो ना, तो सेकंड हाफ गुणांसाठी बघत नाही. कोण आत वळतो, ते बघतो. मी सात-आठ हंगाम ट्रॅक डॉक्टर म्हणून त्या फाटकाच्या आतल्या बाजूला बसलोय. डॉक्टर आणि अँब्युलन्स असल्याशिवाय इथे पहिली हीटच सुटत नाही, त्यामुळे मला बसायला चांगली जागा मिळायची, आणि बहुतेक रात्री काम नसायचं. कुणाच्या हाडांबद्दल मी इथे लिहिणार नाही, ते गुपितच. पण त्या मॅनेजर लोकांच्या चेहऱ्यांबद्दल लिहू शकतो. शेवटच्या आलेल्या पोराला ते लगेच विसरतात. आत वळलेल्याला विसरत नाहीत.

तुझी अडचण मला कळते. तू कोल्हापूरचा आहेस. तुझ्या डोक्यात कुस्ती आहे. खासबागेत पाठ लागली की संपलं, दुसरा नंबर म्हणून काही भानगडच नाही. एक पैलवान खांद्यावर बसून फेटा बांधून जातो, दुसरा धूळ झटकत मागच्या बाजूने. मीही मिरजेचा, माझ्या डोक्यातही तेच होतं, फक्त आखाडा पुस्तकांचा होता. आपल्याकडे बोर्डात आलेलं पोर असायचं आणि न आलेलं पोर असायचं, मधलं कुणी नसायचं. चितपट हा आपला आवडता शब्द. हा खेळ तसा नाही, आणि मला तो आवडला तो त्याच कारणाने, हे कळायला मला दहा वर्षं लागली. चार जण, चार फेऱ्या, साधारण एक मिनिट. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. त्या एकामुळे सामने फिरतात. तुझा जोडीदार तुझ्या पुढे असेल आणि तू त्याच्या लगेच मागे येऊन विरुद्ध संघाच्या एकाला जरी मागे ठेवलंस, तर तुला वर बोनस गुण मिळतो. म्हणजे या खेळाने दुसऱ्या-तिसऱ्याचा हिशेब करून ठेवलाय, पैशासकट. आपल्या शाळेने तो कधी केला नाही.

आता मार्क लोरमची गोष्ट सांगतो. तू नाव ऐकलंयस, ते मला माहीत आहे. व्हिडिओही पाहिले असशील, ते बाहेरून ओव्हरटेक करतानाचे. पण तू ओव्हरटेक बघितलास, तू त्याच्या आधीचं बघायला हवं. ओव्हरटेक करावा का लागला? कारण तो गेटवर मागे राहायचा. तुझ्यासारखाच. टेप उडाली की त्याच्या पुढे दोन, कधी तीन. विश्वविजेता झालेला माणूस, आणि त्याची सुरुवात ही त्याची दुबळी बाजू, ते सगळ्या इंग्लंडला माहीत होतं. तोंडावर सगळी ट्रॅकवरची लाल शेल माती, गॉगलवरची एकेक फिल्म ओढून टाकत, पुढच्याच्या मागच्या चाकाकडे बघत शर्यत सुरू करायची. 2006 साली तो आमच्या इप्सविचकडून खेळत होता तेव्हा मी बहुतेक गुरुवारी फॉक्सहॉलला, इप्सविचच्या ट्रॅकवर, असायचो. तेव्हा त्याचं वय पस्तीस. गेटवर मागे पडला की आमच्या स्टँडमध्ये कुणी हळहळायचं नाही. लोक उलट पुढे सरकून बसायचे.

जन्म 1971 चा, माल्टातला. सोळाव्या वर्षी, 1987 ला, पूर्व लंडनमध्ये हॅकनीकडून सुरुवात. पुढच्याच वर्षी हॅकनीने नॅशनल लीग जिंकली, त्या संघात हे पोरगं होतं. तो ट्रॅक आता शोधू नकोस, त्या जागेवर 2012 च्या ऑलिम्पिकचं माध्यमकेंद्र उभं राहिलं. मग किंग्ज लिन, एक्सेटर, ब्रॅडफर्ड, पूल, पीटरबरो, ईस्टबर्न, इप्सविच. इंग्लंडचा नकाशा घे आणि त्याच्या जर्सींवरून भूगोल शिक. एका गावाचा लाडका म्हणून आयुष्य काढलेला माणूस नव्हे हा. दर दोन-तीन वर्षांनी नवं पिट, नवा मेकॅनिक, नव्या वळणाची नवी माती. एक्सेटरचा ट्रॅक लांब आणि वेगवान, बाकीचे कितीतरी आखूड, तिथे एका वळणातून बाहेर पडेपर्यंत दुसरं आलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी पुन्हा शेवटून सुरुवात करायची.

आणि 2000 साली तो जगज्जेता झाला. कसा झाला, ते नीट वाच.

त्याआधी 1994 पर्यंत विश्वविजेता एका रात्रीत ठरायचा. सोळा जण, प्रत्येकाच्या पाच शर्यती, जास्तीत जास्त पंधरा गुण. एका रात्रीचा खेळ, आपल्या मैदानासारखा. 1995 पासून ग्रांप्री सुरू झाली, वेगवेगळ्या देशांत फेऱ्या आणि वर्षाची बेरीज. 2000 ला अशा सहा ग्रांप्री होत्या. प्रत्येक ग्रांप्रीचा अंतिम विजेता 25 गुण घ्यायचा, दुसरा 20, तिसरा 18, चौथा 16, त्याखाली उतरत जायचे. त्या सहापैकी लोरमने किती जिंकल्या?

एकही नाही.

सहाही वेळा कुणी दुसरा चबुतऱ्यावर सगळ्यात वर उभा होता. शॅम्पेन दुसऱ्याने उडवली. टोनी रिकार्डसन, जेसन क्रंप, बिली हॅमिल, टोमाश गोलोब ही त्या काळातली माणसं, ज्यांच्या रात्री आल्या की बाकीच्यांनी घरी जावं. त्यांच्यातल्या कुणाची रात्र आली, कुणाची गेली. आज 25, पुढच्या महिन्यात लवकर बाद, हातात चिल्लर. लोरमची रात्र कधी आलीच नाही आणि कधी गेलीही नाही. तो दर वेळी शेवटपर्यंत रेंगाळत राहिला, एक जागा इथे, एक जागा तिथे उचलत. वर्षअखेरीस बेरीज केली तर हा वर. 1992 ला पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला इंग्लंडचा गॅरी हॅवलॉक विश्वविजेतेपद जिंकला होता आणि 2013 ला ताय वॉफिंडन जिंकला. त्या एकवीस वर्षांच्या मधल्या जागेत इंग्लंडचा एकच विश्वविजेता आहे, आणि त्या वर्षी त्याने एकही ग्रांप्री जिंकलेली नाही.

लोकांनी नाकं मुरडली. असा कसला चॅम्पियन, एक ग्रांप्रीसुद्धा न जिंकता? आमच्याच स्टँडमध्ये हे वाद ऐकलेत मी. एका रात्रीची जुनी पद्धत असती तर तो झाला असता का? बहुधा नसता. मग काय झालं? तो त्याच्या काळात, त्याच्या नियमांनी खेळला. ज्यांना वाटतं की हा नशिबाचा भाग होता, त्यांनी देशोदेशी जाऊन, सहा वेळा गेटवर मागे राहून, सहा वेळा चौथी फेरी पूर्ण करून दाखवावी. पुन्हा सांगतो, मला त्याचे ओव्हरटेक आवडतात, पण मला त्याहून आवडतात त्या शर्यती ज्यांत त्याला ओव्हरटेक जमला नाही आणि तो तिसरा आला. त्यांचे व्हिडिओ कुणी टाकत नाही.

चौथी फेरी पूर्ण कर. बस्स. मला तुला एवढंच सांगायचंय आणि ते मी अजून चार पानं सांगणार आहे.

आता पीटरबरो. मघाशी लोरमच्या यादीत हे गाव लिहिताना माझा हात जरा थबकला होता.

मी 1973 ला इथे आलो तो सर्जन व्हायला. मिरजेहून निघताना आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, चार वर्षांत एफआरसीएस होऊन येतो. पहिल्या प्रयत्नात नापास. दुसऱ्यात नापास, थोडक्यात. तिसरा प्रयत्न 1978 ला, एडिंबराला. फी भरलेली, रजा घेतलेली, तिकीट काढलेलं. इप्सविचहून निघालो, पीटरबरोला गाडी बदलायची होती. फलाटावर चहा घेतला. एडिंबराची गाडी आली. दारं उघडली, लोक चढले, दारं बंद झाली, गाडी गेली. मी चहा संपवला आणि उलट्या दिशेची गाडी पकडून घरी आलो.

कारण काय? तू जे सांगितलंस तेच. तसंही जमणार नव्हतं. मी मागे होतो. तोंडी परीक्षेत त्या लोकांनी पुन्हा तोंडावर हसू आणून "थँक यू डॉक्टर" म्हणण्यापेक्षा आपणच आत वळावं, म्हणजे निदान कुणी हरवलं असं होत नाही. बघ, किती ओळखीचं वाटतंय ना. नापास होणं आणि न जाणं यात न जाणं मला जास्त इभ्रतीचं वाटलं. त्या दिवशी त्या फलाटावर मला जर कुणी विचारलं असतं की बाबा रे, तू नक्की कशाला घाबरतोस, तर मी म्हणालो असतो, मी घाबरत नाही, मी विचार करून निर्णय घेतलाय. तूही फोनवर अगदी हेच म्हणालास, "विचार करून सांगतोय." विचार! रात्री साडेअकराला, मिथेनॉलच्या वासाच्या कपड्यांत.

माझ्याबरोबर गुलबर्ग्याचा एक मित्र होता. त्याचा हात माझ्यापेक्षा जड. टाके घालायला लागला की सिस्टर लोक एकमेकींकडे बघायच्या. तो पाचव्या प्रयत्नात पास झाला. पाचव्या! पंचवीस वर्षं त्याने लोकांचे खुबे बदलले. पुढे त्याचा हातही सुधारला म्हणे. मी कधी जाऊन पाहिलं नाही.

मी मग म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात गेलो. त्या काळी आपल्याकडून आलेल्या कितीतरी डॉक्टरांना तीच वाट मिळायची, जिथे इथल्यांना जायचं नसायचं तिथे. तीस वर्षं तिथे काढली. आणि हे लिहून ठेव की ते काम कमी नव्हतं. पडून खुबा मोडलेली नव्वदीची बाई पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत चालत जाते, त्याला सर्जनच्या एका तासाइतकेच माझे सहा आठवडे लागायचे. मला पश्चात्ताप नाही. माझी बायको म्हणायची, तुम्ही हे वाक्य इतक्या वेळा म्हणता की ते खरं असेल असं वाटत नाही. ती आता नाही, त्यामुळे तिला उत्तर द्यायचं राहिलं. तर उत्तर असं, की वॉर्डाचा पश्चात्ताप नाही. नापास झाल्याचाही नाही. चहा पूर्ण प्यायलो त्याचा आहे.

असो. हे माझं झालं. पत्र तुझं आहे.

तू म्हणशील, काका, म्हणजे काहीही झालं तरी थांबायचं नाही का? थांबायचं. मी डॉक्टर आहे, मला मूर्ख समजू नकोस. 1977 ला इंग्लंडचा पीटर कॉलिन्स स्वीडनमधल्या गोथेनबर्गला, विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, मोडलेल्या पायाने उतरला. आदल्या वर्षी तो पोलंडमध्ये विश्वविजेता झाला होता, इंग्लिश वेस्लेक इंजिनावर. मग मँचेस्टरमध्ये आपल्याच ट्रॅकवर नाल्याच्या झाकणावर पाय आपटला, मोडला, तरी गेला, आणि न्यूझीलंडच्या आयव्हन मॉजरच्या मागे एका गुणाने दुसरा आला. एक गुण! त्याची सगळे वाहवा करतात. मी करणार नाही. मी तिथे डॉक्टर असतो तर त्या कागदावर सही केली नसती, पुतळा उभारला असता तरी. मोडलेलं हाड हे आत वळायला पुरेसं कारण आहे. लोरमही शेवटी त्यामुळेच थांबला, 2007 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच पडला, मांडीचं हाड मोडलं, आणि परत येणं झालं नाही. त्याला कुणी रिटायर्ड म्हणून हिणवत नाही. हाडाने सांगितलं की थांबायचं. मनाने सांगितलं तर त्याला म्हणायचं, थांब, आधी चौथी फेरी होऊ दे, मग बोलू.

आणि दुसरं कारण पुढे पडलेला माणूस. पीटर क्रेव्हनचं नाव तुझ्या पिढीला माहीत नसतं. लिव्हरपूलचा, उंचीला अगदी लहानखुरा, 1955 ला आणि 1962 ला विश्वविजेता, त्याला तोल सांभाळायचा जादूगार म्हणायचे. 20 सप्टेंबर 1963 ला एडिंबराच्या जुन्या मेडोबँक ट्रॅकवर त्याच्या पुढे जॉर्ज हंटर हा रायडर पडला. क्रेव्हनने त्याला वाचवायला बाइक वळवली आणि कुंपणावर गेला. चार दिवसांनी वारला. वय 29. या बाइकना ब्रेक नसतो, ते तू पहिल्या दिवसापासून मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगत असतोस. एक गिअर, मागे सस्पेन्शन नाही, ब्रेक नाही. मग पुढे माणूस पडला की करायचं काय, हे क्रेव्हनने सेकंदाच्या आत ठरवलं. त्या जागी तू असलास तर वळव, पाड, आपटून घे, चौथी फेरी गेली खड्ड्यात. हे मी वेगळं सांगायला नको होतं, पण मी म्हातारा आहे, सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

या दोन कारणांत तुझं परवाचं कुठे बसतं, ते तूच बघ. हाड शाबूत होतं. पुढे तेव्हा कुणी पडलेलं नव्हतं.

बाकी तू जे प्रश्न विचारलेस ते मला जरा किरकोळ वाटतात, रागावू नकोस. बाइक विकू का, रोड रेसिंगकडे जाऊ का, की पप्पा म्हणतात तसं घरी येऊन शोरूममध्ये बसू. पप्पा म्हणतात त्यात वाईट काही नाही, शोरूममध्येही माणसं लागतात. पण एका गुरुवारच्या रात्री हे ठरवायचं नसतं. विद्यार्थी व्हिसावर तुला इथे व्यावसायिक खेळाडू म्हणून उतरता येत नाही, हे तुला येताना माहीत होतं, त्यामुळे या वर्षी तुला सरावाच्या फेऱ्या आणि सेकंड हाफ यापलीकडे काही मिळणारच नव्हतं. मग मिळालं नाही म्हणून रडतोस कशाला? ज्या गोष्टी तुझ्या हातात नाहीत त्यांची यादी लांब आहे. व्हिसा, पाऊस, चारपैकी कुठली गेट जागा मिळते ते, निळ्याचं मागचं चाक. चार फेऱ्या तेवढ्या तुझ्या आहेत.

ते बाइकचं सांगतो. तुझ्या त्या सेकंडहँड जावाबद्दल तू फार तक्रार करतोस. आजोबांची येझदी आठव. कोल्हापुरातून पन्हाळ्यापर्यंत ते दोघांना बसवून चढवायचे ती. म्हैसूरला बनलेली ती येझदी जावाचीच पोरगी, आणि तू इथे आलास तर इथेही तेच घराणं भेटलं, हा योग मला फार आवडला होता, तुला सांगायचं राहिलं. तिला शिव्या देऊ नकोस. तुझा क्लच उशिरा सुटतो त्याला इंजिन जबाबदार नाही. तू टेपकडे बघतोस. टेपकडे बघू नको, स्टार्ट मार्शलच्या हाताकडेही नको, टेप जिथे खटक्यात अडकवलेली असते त्या यंत्रणेकडे बघ, ती आधी हलते. हे मला एका जुन्या रायडरने सांगितलंय, मी स्वतः कधी करून पाहिलेलं नाही, सायकलवरसुद्धा. आणि पहिल्या वळणात थ्रॉटल बंद करू नकोस, तसं केलं की मागचं चाक पकड घेतं आणि बाइक तुला सरळ कुंपणाकडे नेते. हे तुला माहीत आहे. तू परवा दोन वेळा केलंस.

मी कठोर लिहितोय का? थोडंसं. तू पहिल्यांदा घरी आलास तेव्हा डब्यातून तिखटमिठाचा सांडगा काढून दिलास, आईने पाठवलेला, आणि म्हणालास, "काका, इथल्या पावसाला वासच न्हाई ओ." तेव्हापासून माझा तुझ्यावर जीव आहे. नसता तर परवा त्या म्हातारीला सांगून टाकलं असतं, कोण कुठला पोरगा, आम्हाला काय.

तर या गुरुवारी. साडेसहाला मी तुला विद्यापीठाच्या फाटकावरून घेतो, गाडीत मागच्या सीटवर जागा करून ठेवली आहे. मेथीचे पराठे आणतो, पिटमध्ये चिप्स खात बसू नकोस. बाइक विकायची तर पुढच्या सोमवारी विक, मीच जाहिरात लिहून देईन, तिची खोटी स्तुतीही करीन. पण गुरुवारी एक शर्यत. गेटवर शेवटचा राहिलास तर राहा. अर्धी फेरी मागे राहिलास तर राहा. लाल दिवा लागेपर्यंत किंवा चौकड्यांचा झेंडा पडेपर्यंत त्या गवतावर तुझं चाक गेलेलं मला दिसता कामा नये. गेलं तर मी उठून घरी जाईन, आणि तू बसने ये.

तुझा,
काका

ता.क. डाव्या पायाच्या लोखंडी शूचा पट्टा सैल आहे तुझा. परवा वळणात पाय टेकताना तो टाचेशी हलत होता, मला वरून दिसलं. बुधवारी रात्रीच घट्ट करून घे, पिटमध्ये ऐनवेळी नको.